घरचं तंत्र : बेसमेंटमधली भुणभुण



दिवाळी अंकात घराच्या इन्सुलेशनविषयी लिहिले होते. त्यावर बऱ्याच वाचकांचे फोन आले. पोटमाळ्यावर किती इंचांचा थर घालावा हे विचारणारे थोडे, आणि "ते जमिनीतून उष्णता काढणारं जिओथर्मल म्हणतात, ते घ्यावं का हो?" असे विचारणारे जास्त! तेव्हा या पाडव्याच्या अंकात तोच विषय घेतो. हिवाळा नुकताच संपला आहे, बिले अजून ड्रॉवरमध्ये आहेत, म्हणजे हिशेबाला बसायला मुहूर्तही चांगला.

घ्यावे का, तर माझे उत्तर पूर्वीही "हो" होते आणि आजही "हो"च आहे. मात्र हल्ली मी त्याला एक शेपूट जोडतो : "पण पाणी फिरवणारा पंप किती वॅट खातो, ते आधी विचारा." ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. एम.एस. करताना शिकलो, गेली वीस वर्षे नोकरीत तेच काम करतो. शाळा-कॉलेजांच्या इमारतींचे आराखडे तपासताना पंप अकारण मोठा दिसला की लाल पेनाने खूण करतो. तरीही एका घरी मीच ती गोष्ट विसरलो, आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच माणसांनी दोन वर्षे भरला. ती हकीकत आज त्यांच्या परवानगीने सांगतो.

आमच्या मंडळात एक ज्येष्ठ जोडपे आहे. आपण त्यांना नुसते काका-काकू म्हणू. काका १९७१ साली या देशात आले, ओहायोतल्या एका रबराच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढली, आणि आता निवृत्त आहेत. मी २००३ साली एम.एस.साठी आलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला तेच आले होते. पहिले कोट-बूट त्यांनीच घेऊन दिले. घर गावाबाहेर, तिथे गॅसची लाइन नाही, म्हणून प्रोपेनची टाकी. २०२२ साली फर्नेसने मान टाकली तेव्हा काकांनी मला फोन केला. "तू यातला माणूस. तू सांगशील ते करतो."

मी सांगितले, जिओथर्मल घ्या. खर्च मोठा होता, पण त्या वेळी केंद्र सरकारची ३० टक्के करसवलत होती (ती २०२५ अखेर संपली, हे आता विचार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे). सप्टेंबरात काम झाले. अंगणात अडीचशे फुटांचे तीन बोअर, बेसमेंटमध्ये चार टनांचे, दोन वेगांनी चालणारे यंत्र. कंत्राटदाराने मला विचारले, "पाण्याला एक पंप लावू की दोन?" मी एक सेकंदही विचार न करता म्हणालो, "दोन लावा. कमी पडायला नको."

हे एक वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळे त्याच्याभोवती फिरते.

आधी ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचा फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंपही तेच करतो, फक्त फ्रीजच्या जागी जमीन असते. आमच्या भागात तीस-चाळीस फुटांखाली जमीन बारा महिने सुमारे ५२ ते ५४ अंश फॅरनहाइटवर असते. वर जानेवारीत शून्याला टेकलेले असो की जुलैत नव्वद, खाली फारसा फरक नाही. बोअरमध्ये प्लास्टिकची नळी यू आकारात सोडतात, तिच्यातून पाणी आणि गोठू नये म्हणून घातलेले द्रव्य यांचे मिश्रण फिरवतात. हिवाळ्यात ते मिश्रण जमिनीची ऊब घेऊन वर येते, यंत्र ती ऊब पिळून काढून घरात सोडते. उन्हाळ्यात उलट. कल्पना नवी नाही. उष्णता अशी 'पंप' करता येईल हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ साली मांडले, आणि त्यासाठी जमीन वापरण्याचे पेटंट हाइनरिख झॉली या स्विस इंजिनिअरने १९१२ साली घेतले. आमच्या शेजारी इंडियानात, मन्सी गावच्या बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये काम सुरू करून सुमारे ३,६०० बोअर घेतले आणि कोळशाचे जुने बॉयलर बंद केले. ओळखीचे कुणाचे मूल तिथे शिकत असेल, तर त्याच्या खोलीतली ऊब जमिनीतूनच येते.

यंत्र चांगले असेल तर एक युनिट वीज घालून चार युनिट उष्णता मिळते. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. खोटा नसतो, पण अपुरा असतो. कारण प्रमाणित चाचणीत कॉम्प्रेसर आणि पंखा यांची वीज धरतात, आणि पंपाची वीज फक्त यंत्राच्या आतल्या कॉइलमधून पाणी ढकलण्यापुरती धरतात. अंगणातल्या हजारभर फूट नळीतून ते पाणी फिरवायला किती वीज लागेल, ते यंत्र बनवणाऱ्याला कसे कळणार? प्रत्येकाचे अंगण वेगळे. म्हणून तो खर्च त्या आकड्याच्या बाहेर राहतो, आणि तुमच्या बिलात मात्र येतो.

आता काकांच्या घरी येऊ.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. हवा सुरेख, खिडक्या उघड्या, ना हीटिंग चालू ना कूलिंग. चाळीसेक माणसे जमली. काकूंनी मला बेसमेंटमधून घडीच्या खुर्च्या आणायला पाठवले. खाली गेलो, खुर्च्या उचलल्या, आणि भिंतीकडून बारीक भुणभुण ऐकू आली. यंत्राला हात लावला, गार. कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद. पंपांना हात लावला, दोन्ही गरम. दोन्ही चालू.

वर येऊन काकांना हळूच विचारले, "काका, खालचा पंप नेहमी चालू असतो का हो?"

"हो. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, पाणी फिरतं ठेवायचंच असतं."

मला प्रसाद गोड लागेना. दुसऱ्या रविवारी ऑफिसातला वॅटमीटर, प्रेशर गेज आणि थर्मामीटर घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोन्ही पंप मिळून ४३० वॅट घेत होते. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस. गुणाकार करा : वर्षाला ३,७६७ युनिट. युनिटला १५ सेंट धरले तर ५६५ डॉलर! यंत्राचा कॉम्प्रेसर मात्र काकांच्या वहीप्रमाणे वर्षाला सुमारे २,६०० तासच चालत होता. (काका जुने प्रयोगशाळेतले, रोजची नोंद वहीत असते.) म्हणजे सत्तर टक्के वेळ पंप रिकामाच पाणी घुसळत बसला होता. उन्हाळ्यात तर पंपाने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात जाते, आणि ती बाहेर टाकायचे काम पुन्हा जमिनीच्या गळ्यात.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. नवीन यंत्र बसवताना नळ्यांतली हवा काढावी लागते. त्यासाठी तंत्रज्ञ पंपाच्या रिलेला एक तारेचा तुकडा जोडून पंप सरळ चालू ठेवतात. काम झाले की तो तुकडा काढायचा. इथे तो काढायचा राहिला होता. कंत्राटदाराचा माणूस आला, दहा मिनिटांत काढून गेला, माफीही मागितली. त्या दिवसापासून कॉम्प्रेसर चालू तरच पंप चालू. यातच वर्षाचे जवळजवळ ४०० डॉलर वाचले, आणि खर्च काही नाही.

इथेच थांबलो असतो तर दोष सगळा त्या माणसावर टाकून मी मोकळा झालो असतो. पण वॅटमीटरवरचा आकडा डोक्यातून जाईना. चार टनांच्या यंत्राला ४३० वॅट? ते माझेच काम होते.

माझ्या धंद्यात यासाठी एक सोपी मोजपट्टी आहे. कॅव्हनॉ आणि रॅफर्टी या दोघांनी १९९७ मध्ये 'ॲशरे' या इंजिनिअरांच्या संस्थेसाठी लिहिलेल्या पुस्तकात पंपांना शाळेसारख्या ग्रेड दिल्या आहेत. पुस्तक मोठ्या इमारतींसाठी आहे, पण घरालाही अंदाजापुरती ती पट्टी लागू पडते. यंत्राच्या दर टनामागे पंप ५० वॅटपर्यंत घेत असेल तर 'ए', ७५ पर्यंत 'बी', १०० पर्यंत 'सी', १५० पर्यंत 'डी', त्याच्या पुढे नापास. काकांचे ४३० भागिले ४, म्हणजे १०७. काका म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा डी मिळाली, आणि तीही तुझ्या शिकवणीत!" हसत म्हणाले, पण मला हसता आले नाही.

दोन पंप का लावले? कारण मी मनात सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यातली विहीर धरून बोललो होतो. लहानपणापासून पंप म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर, साठ फुटांवरून पाणी वर खेचणारी. तिथे मोटर मोठी असेल तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे बरेच. अडीचशे फूट खोल बोअर म्हटल्यावर तर मनाने आपोआपच "मोठा पंप" असे ठरवून टाकले.

पण ही विहीर नव्हे. ज्यांनी रहाटगाडगे पाहिले आहे त्यांना हे चटकन कळेल. त्याची एका बाजूची गाडगी भरून वर येतात, दुसऱ्या बाजूची रिकामी खाली जातात, म्हणून बैलाला ओढावे लागते. समजा, खाली जाणारी गाडगीही भरलेलीच असली तर? दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या झाल्या. मग बैलाला पाणी उचलायचे कामच उरत नाही, फक्त चाकाचे घर्षण सोसायचे. जिओथर्मलची नळी तशीच आहे. एका पायाने पाणी खाली उतरते, दुसऱ्याने तेवढेच वर येते. बोअर अडीचशे फूट असो की चारशे, पंपाला एक फूटही पाणी 'उचलावे' लागत नाही. त्याला फक्त नळीच्या भिंतींचे घर्षण जिंकायचे असते.

आणि घर्षणाचा स्वभाव मोठा खोडकर. पाण्याचा प्रवाह दुप्पट करायचा म्हटला तर घर्षण जवळजवळ चौपट होते, आणि पंपाची वीज जवळजवळ आठपट. उलट बाजूने पाहा : प्रवाह थोडासा कमी केला तरी वीज पुष्कळ वाचते. प्रवाह ८० टक्क्यांवर आणला तर गणिताने वीज अर्ध्यावर येते. ७० टक्क्यांवर आणला तर एक तृतीयांशावर. विहिरीच्या पंपात असे होत नाही, कारण तिथे प्रवाह कमी केला तरी साठ फुटांची उंची तीच राहते. बंद लूपमध्ये उंचीचा प्रश्नच नाही, म्हणून इथे हा फायदा पुरेपूर मिळतो.

मग काकांच्या यंत्राला पाणी हवे तरी किती? साधारण हिशेब टनामागे मिनिटाला अडीच ते तीन गॅलन, म्हणजे चार टनांना १० ते १२ गॅलन. मी गेज लावून पाहिले. यंत्रात पाणी शिरते आणि बाहेर पडते तिथे दोन छोटी भोके असतात, त्यांना पीटी पोर्ट म्हणतात. दोन्हींकडचा दाब मोजायचा, फरक काढायचा, आणि यंत्राच्या माहितीपुस्तकातल्या तक्त्यात तो फरक शोधायचा, की प्रवाह कळतो. आकडा आला १६ गॅलन. हवे त्यापेक्षा चार गॅलन जास्त.

जास्त पाण्याने उष्णताही जास्त मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. थोडी मिळते, पण फार नाही. मिश्रण नळीतून खळखळत वाहत असेल तर ते भिंतीची ऊब नीट घेते. फार संथ झाले तर मधले पाणी नळीला न शिवताच निघून जाते. म्हणून एका मर्यादेखाली प्रवाह जाऊ देता कामा नये. पण खळखळ एकदा सुरू झाली की त्यावर आणखी वेग वाढवून हाती फारसे लागत नाही. चहात साखर विरघळल्यावर चमचा कितीही जोरात फिरवला तरी चहा जास्त गोड होत नाही, तसेच.

आता एक गंमत. कंत्राटदाराच्या माणसाला आम्ही पुन्हा बोलावले आणि त्याला दोनांपैकी एक पंप बंद करायला सांगितले. काका घाबरले. "अरे, निम्मं पाणी झालं तर यंत्र बंद पडेल!" मी म्हटलं, "थांबा, बघू या." हे दोन पंप एकामागे एक जोडलेले होते, म्हणजे दुसऱ्याचे काम दाब वाढवण्याचे. एक बंद केल्यावर प्रवाह ८ नाही झाला. तो ११ वर आला! कारण प्रवाह उतरताच घर्षणही झपाट्याने उतरले, आणि उरलेल्या एका पंपाला ते सहज पेलले. पाणी तीस टक्के कमी, पंपाची वीज मात्र निम्मी, २१५ वॅट. टनामागे ५४. डीवरून बी!

लगेच शाबासकी देऊ नका, कारण दुसरी बाजू तपासल्याशिवाय इंजिनिअरने हिशेब मांडू नये. पाणी कमी झाले म्हणजे यंत्रातून जाताना ते जास्त गार होणार. आधी आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात ३.८ अंशांचा फरक होता, तो ५.५ झाला. त्यामुळे कॉम्प्रेसरला किंचित जास्त कष्ट, त्याची वीज तीसेक वॅटने वाढली. २१५ वाचले, ३० गेले. निव्वळ १८५ वॅट शिल्लक. जानेवारीतल्या कडाक्याच्या आठवड्यात मी रोज फोन करून पाण्याचे तापमान विचारत होतो. बाहेर पडणारे पाणी ३० अंशांच्या खाली गेले नाही. मिश्रण त्याच्या बऱ्याच खाली गोठणारे असल्याने धोका नव्हता.

वर्षाचा जमाखर्च असा. आधी पंपाचे बिल ५६५ डॉलर. तारेचा तुकडा काढल्यावर १६८. एक पंप थांबवल्यावर ८४. (कॉम्प्रेसरची वाढ धरली तर आणखी दहा-बारा डॉलर त्यात घाला.) दोन वर्षांत काका-काकूंनी सुमारे साडेनऊशे डॉलर नुसते पाणी घुसळण्यात घालवले होते.

मग हल्ली मिळतो तो कमी-जास्त वेगाने आपोआप चालणारा नवा पंप का नाही बसवला? तो उत्तमच असतो. कॉम्प्रेसर कमी वेगावर असेल तेव्हा तोही मंद होतो, आणि शंभरेक वॅटमध्ये भागते. नवीन घर बांधणाऱ्यांनी तोच घ्यावा. पण काकांच्या बाबतीत तो आणखी चाळीसेक डॉलर वाचवण्यासाठी हजाराच्या वर खर्च मागतो. पंचवीस वर्षांनी पैसे वसूल! काका आता ऐंशीच्या घरात आहेत. चालू पंप जाईल तेव्हा तो बसवू, असे ठरवले. तोपर्यंत थांबवलेला पंप जोडीला आहेच. अधूनमधून दोघांची पाळी बदलतो, म्हणजे एक अडकून बसत नाही.

ज्यांच्याकडे आधीच जिओथर्मल आहे, त्यांनी या सुट्टीत पुढील गोष्टी बघाव्यात. वीस मिनिटांचे काम आहे.

पहिली : थर्मोस्टॅट बंद करा, पाच मिनिटे थांबा, खाली जाऊन पंपाचा आवाज ऐका. हात लावून बघा. यंत्र बंद असताना पंप चालत असेल तर का, ते विचारा. काही बनावटीत यंत्र थांबल्यावर पंप मिनिट-दोन मिनिटे मुद्दाम चालतो, ते ठीक आहे. तासभर चालत असेल तर ठीक नाही.

दुसरी : पंपाच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात. यंत्राच्या टनांनी भागा आणि आपली ग्रेड काढा. पाटीवरचा आकडा कमाल असतो, खरा थोडा कमी निघेल.

तिसरी : हीटिंग पंधरा मिनिटे पूर्ण वेगाने चालल्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान बघा. बऱ्याच यंत्रांत ते पडद्यावरच दिसते. हिवाळ्यात ५ ते ८ अंशांचा फरक चांगला. तीनच असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त फिरते आहे. दहाच्या वर गेला तर कमी पडते आहे, आणि तिकडे लगेच लक्ष द्यायला हवे.

चौथी : नळीतून गुळगुळ असा आवाज येत असेल तर आत हवा आहे. हवेने प्रवाहही बिघडतो आणि पंपही लवकर जातो. ती काढून घ्या, आणि काढणारा माणूस गेल्यावर पहिली गोष्ट पुन्हा तपासा!

पाचवी : गोठणप्रतिबंधक द्रव्य "थोडं जास्तच घाल" असे सांगू नका. ते जितके जास्त, तितके मिश्रण थंडीत दाट होते, आणि दाट मिश्रण फिरवायला पंपाला जास्त वीज लागते. जमीन आणि यंत्र यांच्या गरजेपुरतेच असावे.

आणि एक विनंती. वायरिंगला स्वतः हात लावू नका, पंपाला बहुधा २४० व्होल्ट असतात. पंप बंद करणे, वेग बदलणे हे माहितगाराकडून, प्रवाह मोजूनच करा. माझा लेख वाचून कुणी जानेवारीत पंप कमी केला आणि यंत्रातले पाणी गोठले, तर पुढच्या अंकात मला त्याचीही हकीकत लिहावी लागेल.

नवीन घेणाऱ्यांना मात्र एवढेच. कंत्राटदाराला दोन प्रश्न लेखी विचारा : यंत्राला मिनिटाला किती गॅलन लागतात, आणि तेवढे फिरवायला पंप किती वॅट घेईल? ज्याला उत्तर देता येते त्याने नळ्यांचा हिशेब केलेला असतो. "दोन लावतो, काळजी नको" असे सांगणाऱ्याने केलेला नसतो. त्या बिचाऱ्याचाही पूर्ण दोष नाही. पाणी कमी पडले तर त्याला रात्री दोन वाजता फोन येतो. पाणी जास्त झाले तर कुणीच फोन करीत नाही, गिऱ्हाईक मुकाट्याने बिल भरते.

शेवटी हे मुकाट्याने भरण्याबद्दल थोडेसे. सगळे काम झाल्यावर काकूंनी चहा केला. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले, की मागचे दोन हिवाळे त्यांनी थर्मोस्टॅट ६३ वर ठेवला होता. दिवसभर शाल, रात्री दोन रजया. बिल मनात धरल्यापेक्षा जास्त येत होते, आणि पेन्शन ठरलेली. त्या दोन हिवाळ्यांत मी त्यांच्याकडे निदान दहा वेळा जेवलो असेन. प्रत्येक वेळी घर उबदार होते.

"तू येणार असलास की ७० वर करायचो," काकू म्हणाल्या.

"अहो, पण मला सांगायचं ना!"

काका वहीत डोके घालून बसले होते. तसेच म्हणाले, "तू एवढ्या हौसेनं करून दिलं होतंस. तुला वाईट वाटलं असतं."

मंडळी, मी त्यावर काही बोलू शकलो नाही. आपल्या लोकांचा हा स्वभाव मला माहीत आहे, माझाही तोच आहे. ज्याने मदत केली त्याच्यापुढे तक्रार काढायची नाही. पण पंपाला मर्यादा कळत नाही, तो मोजत नाही, संकोच पाहून थांबत नाही. तो वीज खातच राहतो. तेव्हा तुमच्या घरी मंडळातल्या कुणा इंजिनिअरने, माझ्यासकट, काही सुचवले असेल आणि बिल जास्त वाटत असेल, तर त्याला फोन करा. त्याला थोडे वाईट वाटेल. वाटू द्या.

गेले दोन हिवाळे काकूंच्या घरी थर्मोस्टॅट ७० वर आहे. मी न सांगता जातो आणि आधी तेच बघतो.

पुढच्या, गणेशोत्सवाच्या अंकात पाणी तापवण्याच्या टाकीविषयी. तोवर आपापल्या पंपांच्या ग्रेड संपादकांकडे कळवा. नापासांनी लाजू नये.